कामटी, कागद आणि चिंधी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांला विषय दिला होता 'कामगार चळवळ आणि धम्म'. या विषयावर आम्ही याच ओट्यावरून पुष्कळदा बोललो आहोत. काही मंडळींना ते भाषण आमच्यापेक्षा जास्त पाठ असेल. म्हणून सेक्रेटरींना म्हटलं, या वेळी आम्ही कंदिलावर बोलतो. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. थट्टा नाही. आमचं शाळेतलं शिक्षण दहावीपर्यंत, पुढचं सगळं पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झालं. तेव्हा पांडित्य काही सांगणार नाही. आमच्या हातून झालेली एक चूक सांगणार आहोत, आणि तिच्यामुळे पुढे जे सुचलं ते.

२००५ साल. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. शाळेत हस्तकलेच्या बाईंनी मुलांना कंदील करायला शिकवला होता. पोरीने घरी येऊन कामट्या तासल्या, आजीकडून खळ शिजवून घेतली, पतंगी कागद चिकटवला आणि रात्री उशिरापर्यंत जागून कंदील पुरा केला. सकाळी शेजाऱ्याकडून स्टूल आणून तो दाराशी टांगला. दिवाळीचे दिवस. आम्ही रात्रपाळी करून आलो, तर बौद्धाच्या दारात आकाशकंदील! आम्ही तेव्हा शाखेचे पदाधिकारी. आदल्याच रविवारी आम्ही बावीस प्रतिज्ञांवर तासभर बोललो होतो. डोक्यात एकदम सणक गेली. पोरीला एका शब्दाने काही विचारलं नाही. कंदील ओढला, मोडला आणि जिन्याखालच्या कचऱ्यात टाकला. चार बिऱ्हाडं बघत होती. खरं सांगायचं तर ती बघत होती म्हणूनच जास्त जोरात मोडला.

पोरगी रडली नाही. कचऱ्यातून तिने कागदाची एक शेपटी तेवढी उचलली आणि आत गेली. आमची आई दारात बसून गोधडी शिवत होती. सुई न थांबवता म्हणाली, "मोडलंस ते बरं केलंस. आता तूच दुसरं करून दे. येतंय का तुला?"

येत नव्हतं. साच्याखात्यात आम्ही चार साचे सांभाळायचो. रोज थानंच्या थानं कापड आमच्या डोळ्यांसमोर गुंडाळलं जायचं, पण एक कामटी सरळ तासता येत नव्हती. मशीनवरचा हात आणि घरातला हात वेगळा, हे त्या दिवशी कळलं.

मंडळी, प्रतिज्ञा आम्ही तेव्हाही पाळत होतो, आजही पाळतो. दिवाळी आमच्या घरी होत नाही. पण १९५६ नंतर आपण जुने सण सोडले, तेव्हा सणांबरोबर पोरांच्या हातातला कागद, बायकांच्या हातातली रांगोळी, सगळ्यांनी मिळून काही करण्याचा आनंद, हेही बाजूला पडलं. त्याच्या जागी आपण काय दिलं? भाषण दिलं! आणि भाषण ऐकून आठ वर्षांचं पोर किती वेळ खूश राहील? कामटीला धर्म नसतो. ती कोणत्या पौर्णिमेला वाकवायची ते आपण ठरवायचं असतं. एवढी साधी गोष्ट आम्हांला कुणी सांगितली नाही, आणि सांगितली असती तरी तेव्हा आम्ही ऐकली नसती.

आईच्या गोधडीकडेही आमचं असंच दुर्लक्ष होतं. गिरणीतून वडील कटपीस आणायचे, किनारीच्या पट्ट्या आणायचे. आत जुनी लुगडी, वर हे तुकडे. काठापासून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन करत मधे यायचं. उन्हाळ्यात चाळीच्या गॅलरीत दुपारी चार बाया चार कोपऱ्यांना बसायच्या. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. घरात पगार नाही. त्या वर्षी आईने शेजारणींबरोबर लोकांच्या गोधड्या शिवून दिल्या, त्यावर रॉकेल-मीठ आलं. पण आम्हांला आठवतं ते वेगळंच. त्या बाया शिवताना हसायच्या! संपाचे दिवस, घरात दाणा नाही, आणि गॅलरीत हसणं. लाल तुकड्याशेजारी पिवळा लावायचा की हिरवा यावर भांडणं. लोकांच्या अंगावर जाणारी गोधडी, पैसे तेवढेच मिळणार, तरी रंगावरून भांडत होत्या. का? याचं उत्तर आम्हांला पुढे विनयपिटकातली एक हकिगत वाचताना मिळालं.

भगवान बुद्ध दक्षिणागिरीकडे चालले होते. वाटेत त्यांनी मगधाची भातशेती पाहिली. आखीव बांध, मधे चौकोनी खाचरं. त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंसाठी असं चीवर करता येईल का? आनंदाने कापड कापून, तुकडे जोडून, शेताच्या बांधासारख्या शिवणी घालून ते करून दाखवलं. बुद्धाने त्याचं कौतुक केलं. आज भंतेजींच्या अंगावर जे चीवर आहे, त्याच्या शिवणी नीट बघा. ते भाताचं शेत आहे. सुरुवातीच्या काळात तर टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून चीवर होत असे. म्हणजे जगातला एवढा मोठा संघ चिंधी जोडून अंग झाकत होता, आणि ती चिंधी कशी जोडली तर चांगली दिसेल, याचा विचार खुद्द तथागत करत होते. मग आमच्या आईचं काय चुकलं? महामंगलसुत्त आपण दर रविवारी म्हणतो. त्यात मंगल गोष्टी मोजताना बहुश्रुतपणाच्या जोडीला शिल्पही सांगितलं आहे. शिल्प म्हणजे हातातली कला. बहुश्रुत व्हायच्या मागे आम्ही लागलो, जोडीचं शिल्प मात्र नुसतं म्हणण्यापुरतं ठेवलं.

आणि हातातली कला आपल्याला सहज मिळालेली नाही. तरुण मुलांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत साच्याखात्याला पगार चांगला, पण आपल्या माणसाला तिथे घेत नसत. कांडीचा धागा तुटला की धोट्याच्या भोकातून तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्या विणकराला चालत नव्हता! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आमचे आजोबा जन्मभर सूतखात्यात राहिले. आम्ही साच्यावर उभे राहिलो ते या झगड्यामुळे. आमच्या गिरणीचे साचे मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबले ते थांबलेच, तो विषय आज नको. पण ज्या हाताला धोट्याला शिवू दिलं नाही, त्या हाताने हौसेने काही घडवणं याला आम्ही फालतू वेळ घालवणं म्हणत होतो, याची लाज वाटते. बाबासाहेबांनीही एवढ्या कामाच्या धबडग्यात उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं.

तर २००६ च्या वैशाखात आम्ही कंदील करायला बसलो. अष्टांगिक मार्ग म्हणून आठ बाजूंचा करायचा ठरवला. वर एक अष्टकोन, खाली एक अष्टकोन, मधे आठ उभ्या कामट्या, सव्वा सव्वा फुटाच्या. सांधे दोऱ्याने आवळायचे. गाठ मारण्यात आमचा हात तयार, गिरणीत जन्म गेला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी असे धम्मध्वजाचे पाच रंग आणले. पोरगी सहा महिने आमच्याशी कामापुरतंच बोलत होती. दोन संध्याकाळी ती उंबऱ्यात उभी राहून बघून गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पप्पा, कामट्या ओल्या आहेत. वाळल्यावर आक्रसतील, दोरा सैल पडेल."

तसंच झालं. पौर्णिमेच्या आदल्या रात्री कंदील एका अंगाला कलला. मग तिने दाखवलं तसं सगळं सोडून पुन्हा बांधलं. त्यात चाळीस वॅटचा बल्ब लावला, तर वरचा कागद करपला. (आता एलईडी आहेत, ती भीती नाही.) पण तो कलंडलेला, करपलेला कंदील बघून समोरच्या बिऱ्हाडाने विचारलं, आम्हांला शिकवाल का? पुढच्या बुद्धपौर्णिमेला मजल्यावर अकरा कंदील होते. बाजारातून तयार आणलेला एकही नव्हता.

मग वर्षभराचा एक क्रमच बसत गेला. वैशाखात कंदील. पावसाळ्यात वर्षावास. भिक्खूही पावसात फिरत नाहीत, मग आपण कुठे जाणार? विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं वाचन सुरू असतं. त्या वेळी मुलं जुन्या वह्यांची कोरी पानं काढून नव्या वह्या शिवतात. एकदा एका ज्येष्ठांनी हरकत घेतली, ग्रंथवाचनात शिवणकाम कसलं? तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "ऐकतो आपण कानानं. हात रिकामाच हाय."

थंडीत मात्र बाहेर पडायचं. शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी बघायला आम्ही जात असू, अटल सेतूचं काम सुरू होण्याआधी. भरतीची वेळ बघून गेलं नाही तर नुसता चिखल दिसतो, हे दोनदा फजिती झाल्यावर कळलं. कान्हेरीला दर वर्षी. बोरिवलीपर्यंत लोकल, पुढे जमेल त्यांनी चालत, भाकरी आणि सुकी चटणी बांधून. माकडांपासून भाकरी सांभाळायची. शंभराहून अधिक लेणी आहेत, सगळी एका दिवसात बघायचा हट्ट धरू नये. मुलांना पाण्याच्या पोढ्या मोजायला सांगतो. डोंगरात पाणी कसं वळवलं, कुठे साठवलं, ते त्यांना गोष्टीपेक्षा जास्त आवडतं. तिथल्या शिलालेखांत दान देणारे राजेच नाहीत, कल्याणचा लोहार आहे, सोनार आहे. म्हणजे आपल्यासारखी हातावर पोट असलेली माणसं. एक गोष्ट कडू लागेल, पण बोलतो. तिथे भिंतीवर खडूने 'जयभीम' लिहिणारं पोर आम्ही स्वतः पकडलंय, आपल्याच गटातलं. प्रेमाने का होईना, लेण्यावर अक्षर काढायचं नाही. त्याला तिथेच ओल्या फडक्याने पुसायला लावलं.

आणि नालासोपारा. तिथल्या स्तूपाच्या टेकाडाला गावचे लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. बुरुड म्हणजे बांबूकाम करणारा. कंदिलासाठी कामट्या तासणाऱ्या आमच्या पोरांना या नावाने केवढी गंमत वाटली! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत भिक्षापात्राचे तुकडे आणि सोन्याची फुलं मिळाली. एशियाटिक सोसायटीने ती जपली आहेत. त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात काय आहे? पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी विहारयात्रा करत. अशोक संबोधीच्या स्थानी जाऊन आला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यात वडीलधाऱ्यांना भेटणं, दान देणं, खेड्यातल्या लोकांशी बोलणं. आणि राजा लिहितो की याच्यात त्याला जास्त आनंद मिळतो. बघा, राजाने सहल बंद केली नाही. सहलीत काय करायचं ते बदललं, आणि आनंद वाढला हे दगडावर कोरून ठेवलं.

आमचे काही जुने सहकारी म्हणतात, तुमच्याकडे आता मोर्चे कमी आणि सहली जास्त झाल्यात. असेलही. पण एवढं सांगतो, मोर्च्याला ज्या घरांतून एकेक माणूस यायचा, त्या घरांतून कान्हेरीला पाच पाच माणसं येतात, त्यांत सासू-सुना असतात. त्या बायकाच मग घरांच्या प्रश्नावर आमच्या आधी तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. चाळी पडून टॉवर होताहेत, काही मंडळी वर राहायलाही गेली. तिथे चौघींनी बसून गोधडी शिवायला गॅलरी नाही. त्यासाठी विहाराचा हॉल दुपारी उघडा ठेवावा, अशी समितीकडे आमची जाहीर मागणी आहे. अध्यक्ष मान हलवताहेत, त्याची इतिवृत्तात नोंद करून घ्यावी.

वैशाख पौर्णिमा जवळ आली. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता याच हॉलमध्ये कंदील करायला बसायचं आहे. प्रत्येक मुलाने कात्री, जुनं वर्तमानपत्र आणि दोऱ्याचं एक रीळ आणावं. खळ महिला मंडळ शिजवून देणार आहे. खळीत मोरचूद टाकायचा तो मोठ्या माणसांनीच टाकावा, ते विष आहे, मुलांनी हात लावू नये. आमची मुलगी कल्याणहून तिच्या मुलाला घेऊन येणार आहे. कामट्या आम्ही आणल्यात. तिचा काल फोन आला होता, तेव्हा त्या गच्चीवर उन्हात टाकून ठेवल्या आहेत. शनिवारपर्यंत वाळतील.

जयभीम. नमो बुद्धाय.