खालचा ट्रॅक दिसत नव्हता

हेडफोन लावलेत ना? आज टाइमलाइनच्या जागेबद्दल बोलू.

वसमतकडं हळद शिजवतानाचा व्हिडिओ मी प्रीमियर प्रोमध्ये एडिट करत होतो. माझा लॅपटॉप लहान. ऑडिओचे ट्रॅक चार, पडद्यावर मावायचे दोनच. चौथ्यावर कॉलर माईकचं रेकॉर्डिंग. शूटिंग संपलं तरी माईक चालूच राहिला होता आणि काका काकूंशी कर्जाबद्दल बोलले होते. शेवटच्या गाण्याखाली ते तसंच गेलं.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "दादा, बाबांचं कर्ज गावाला कशाला सांगितलं?" व्हिडिओ काढला, पण तोवर तो व्हॉट्सअॅपवर फिरला होता. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली. काकांनी चहा दिला, पण बोलले नाहीत.

तेव्हापासून एक्स्पोर्टआधी मी एवढं करतोच. माऊस टाइमलाइनवर ठेवून एस्केपच्या खालचं बटण दाबायचं, पॅनल पूर्ण पडद्यावर येतं. शिफ्ट आणि मायनसनं सगळे ट्रॅक बारीक होतात. व्हिडिओ-ऑडिओमधली रेघ वर ओढली की ऑडिओला जागा मिळते. बॅकस्लॅशनं सुरुवात ते शेवट एका नजरेत येतं. रिकामे ट्रॅक डिलीट करायचे. मग हेडफोन लावून एकेक ट्रॅक सोलो करून ऐकायचा.

मोबाईलवर एडिट करताय? टाइमलाइन बोटानं अगदी तळापर्यंत सरकवून बघा.

दिसत नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. भेटू पुढच्या भागात!