खिडकीची रांग आणि दाराची रांग



येरवडा म्हटले की बाहेरच्या माणसाला तुरुंग आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय. आम्ही आज बोलणार आहोत ते साध्या बाह्यरुग्ण विभागाविषयी. रोजंदारीचा माणूस आजारी पडला म्हणजे त्याचा पहिला खाडा तेथेच पडतो. केसपेपरची एक रांग, तपासणीची दुसरी, औषधाची तिसरी. दुपार झाली की मुकादम कामावर घेत नाही.

2015 साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांसाठी ऑनलाइन नोंदणी सुरू केली. 2022 च्या ऑक्टोबरात आणखी एक सोय आली. दाराशी लावलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा, ‘आभा’ खात्यातले नावगाव पाठवायचे, की टोकन मिळते. संघटनेच्या माणसाला यंत्राचा शत्रू म्हणण्याची चाल जुनी आहे. ती बाजूस ठेवा. ही सोय चांगलीच आहे. पण ती खिडकीची रांग तोडते, डॉक्टरांच्या दाराची नव्हे. टोकनावर क्रमांक असतो, आणि क्रमांक म्हणजे वेळ नव्हे!

हिशेब करून पाहू. डॉक्टर नऊ ते एक बसतात, चाळीस रोगी आहेत, प्रत्येकास सहा मिनिटे लागतात. सर्वांना नऊलाच बोलावले तर सरासरी 117 मिनिटे बसावे लागते. चाळीस जणांचे मिळून 78 तास झाले. आठ तासांच्या पाळीने जवळजवळ दहा खाडे, तेही एका दारापाशी, एका सकाळी. हे कोणाच्या हजेरीपटावर चढते?

1952 साली इंग्लंडात वेल्च आणि बेली ह्या दोघांनी ह्यावर तोड सांगितली. नऊला दोघांनाच बोलवा. पुढे प्रत्येकाला सरासरी तपासणीच्या अंतराने वेळ द्या. कोणाला दोन मिनिटे लागतील, कोणाला वीस, म्हणून थोडे थांबणे राहीलच. पण दोन तासांचे काम नाही. अट एवढीच की डॉक्टर वेळेवर बसले पाहिजेत. येथे आम्ही रात्रभर जागून सकाळी खुर्चीवर येणाऱ्या तरुण डॉक्टरांना दोष देत नाही. तेही कामगारच आहेत. जागा रिकाम्या ठेवून वेळापत्रक पाळले जात नाही, हे भरती करणाऱ्यांना सांगितले पाहिजे.

मोबाइलचेही तसेच. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो मुलाच्या खिशात कामावर गेला आहे, तेथल्या आजीने काय टिपायचे? निदान एक खिडकी माणसाची राहू द्या, आणि वेळ ठरवून दिलेल्या जागांपैकी काही त्या खिडकीसाठी राखा. नाहीतर आजी पहाटे येईल आणि मोबाइलवाल्यांच्या मागे बसेल.

आणखी एक मागणी आहे. ती मान्य करायला नवी इमारत लागत नाही. केसपेपरवर आल्याची वेळ आणि तपासणी आटोपल्याची वेळ, दोन्ही छापा. तो कागद दाखवून आमचा माणूस मुकादमाशी अर्ध्या दिवसाच्या मजुरीसाठी भांडू शकेल.