चाकांवरचे बिऱ्हाड आणि कायदा



औंढा नागनाथच्या किंवा कळमनुरीच्या वाटेवर, ऐरण नि भाता उतरवून गाडीच्या सावलीतच चूल मांडलेले घिसाडी कुटुंब आपण पाहिले असेल.

पिढ्यान्‌पिढ्या आपल्या विळ्या-कुऱ्हाडींना धार देणाऱ्या, आणि गाडी हेच ज्यांचे घर, अशा या माणसांचा सरकारदप्तरी पत्ता नसतो.
पण पत्ता नसला, तरी हक्क असतो.

मताधिकाराचेच पाहा.
बेघर इसमाने नमुना ६ भरून दिला, की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी येतो, तो इसम खरोखर तेथेच झोपतो याची खातरजमा करतो, आणि मग पत्त्याचा कागद लागत नाही.

मुलांचेही तसेच.
जन्मदाखला नाही, मागील शाळेचा दाखला आला नाही, या सबबीवर सहा ते चौदा वर्षांच्या बालकास प्रवेश नाकारणे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्ज्य केले आहे.

खरी अडचण जातीच्या दाखल्याची.
भटक्या जमातींकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात.
ज्यांचे आजोबा गाडीतच जन्मले नि गाडीतच वारले, त्यांनी तो कोठून आणावा?
ही अट मला अन्यायाची वाटते.

अशा वेळी विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना व मुलांना तेथे, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो.

पुन्हा सांगतो: पत्ता नसला, तरी हक्क असतो.

गुरुजन हो, तलाठी साहेब, आपल्या शिवारात असे बिऱ्हाड उतरले, तर एकदा जाऊन विचारपूस करावी, ही विनंती.