'मूळव्याध असेल' म्हणून सोडून देऊ नका
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेत भाषणाचा विषय बाई द्यायच्या. आजचा विषय मी निवडलाय आणि तो संकोचाचा आहे : मोठ्या आतड्याचा कर्करोग.

माझ्या बाबांना शौचावाटे रक्त जात होतं. वर्षभर त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. आईला कळलं तेव्हा 'मूळव्याध असेल' म्हणून ताक, इसबगोल सुरू झालं. तपासणी झाली तोवर रोग यकृतापर्यंत पोचला होता. बाबा ६३व्या वर्षी गेले.

डॉक्टरांनी मला तेव्हाच बजावलं होतं, "वडिलांना झालाय, तुम्ही चाळिशीतच कोलोनोस्कोपी करून घ्या." मी तीन वर्षं टाळलं. कधी ऑफिसात रिलीज, कधी मुलीची परीक्षा. खरं कारण लाज आणि भीती. चूक लवकर सापडली तर दुरुस्ती सोपी, असं मी टीमला रोज सांगते. स्वतःला सांगायला तीन वर्षं लागली.

अखेर गेल्या वर्षी गेले. आदल्या दिवशी पोट साफ करणारं औषध प्यायचं, हाच काय तो त्रास. तपासणीच्या वेळी गुंगी देतात. माझ्या आतड्यात दोन पॉलिप, म्हणजे छोट्या मांसल गाठी, सापडल्या आणि तिथेच काढून टाकल्या. अशा सगळ्याच गाठींचा कर्करोग होत नाही. पण ज्यांचा होतो, त्यांना बहुधा दहाएक वर्षं लागतात. तेवढा अवधी आपल्याला मिळतो. बाबांनाही मिळाला असणार.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०२१ साली तपासणी सुरू करण्याचं वय ५० वरून ४५ केलं. म्हणजे आपली अख्खी तुकडी आली! आपल्याकडच्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे, आतड्याचा नाही. तेव्हा बोलावणं येणार नाही, आपणच जायचं. घरात कुणाला हा आजार नसेल, काही त्रासही नसेल, तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' चाचणी दरवर्षी करता येते. नमुना घरीच घ्यायचा. त्यात रक्त आढळलं तर मात्र कोलोनोस्कोपी हवीच. डोळ्यांना रक्त दिसत असेल, शौचाची सवय बदलली असेल, विनाकारण वजन घटत असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या गुरुजनांनी तपासणीचं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आपल्या ग्रुपवर रोज 'सुप्रभात' येतं. आता 'तपासणी करून आले', 'करून आलो' असंही येऊ दे. पहिला मेसेज मी आज सकाळीच टाकलाय.