ओंटारिओतील सत्तांतर आणि मतदारांचा प्रतिसाद

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ७ जून २०१८ रोजी विधिमंडळाची निवडणूक झाली आणि पंधरा वर्षे सत्तेवर असलेल्या लिबरल पक्षाचे पानिपत झाले. १२४ पैकी ७६ जागा प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्ह पक्षाने घेतल्या, ४० न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला मिळाल्या आणि लिबरलांच्या हाती उरल्या अवघ्या ७. अधिकृत पक्ष म्हणून मान्यता टिकवायला तेव्हा ८ आमदार लागत, म्हणजे तेवढाही मान राहिला नाही. डग फोर्ड प्रीमियर झाले. भारतात जे स्थान मुख्यमंत्र्याचे, तेच कॅनडाच्या प्रांतात प्रीमियरचे.

या कौलामागे विचारसरणीपेक्षा वैताग अधिक होता. विजेची बिले वाढली होती आणि ‘हायड्रो वन’ या सरकारी वीजकंपनीचे शेअर लिबरल सरकारने विकले होते. त्या कंपनीच्या प्रमुखाचा साठ लाख डॉलरच्या घरातला वार्षिक मोबदला हा फोर्ड यांच्या सभांमधला हुकमी मुद्दा असे. पेट्रोल लिटरमागे दहा सेंटने स्वस्त, बिअरची बाटली एका डॉलरला, अशी त्यांची आश्वासने सुटसुटीत होती. या सगळ्याचा खर्च कुठून भागणार, याचा पुरता हिशेब मात्र मतदानापूर्वी कुणी पाहिला नाही. मतदारांनी जुने सरकार घालवले, नवा कार्यक्रम निवडला असे म्हणणे कठीण. शिवाय ७६ जागांमागे मते होती ४०.५ टक्के. दहांपैकी सहा मतदारांनी फोर्ड यांच्या पक्षाला मत दिले नव्हते, त्यामुळे विरोधाची फौज पहिल्या दिवसापासून तयारच होती.

सरकारने तिला फार वाट पाहायला लावली नाही. टोरांटोच्या महापालिकेची निवडणूक ऑक्टोबरमध्ये व्हायची होती आणि उमेदवार प्रचाराला लागले होते. अशा वेळी प्रभागांची संख्या ४७ वरून २५ वर आणण्याचा कायदा झाला. फोर्ड स्वतः या महापालिकेत नगरसेवक होते आणि २०१४ मध्ये महापौरपदाची निवडणूक हरले होते, त्यामुळे जुना हिशेब चुकता केल्याची टीका होणारच होती. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने कायदा रद्द ठरवला, तेव्हा फोर्ड यांनी राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेला बगल देण्याची मुभा देणारे तिचेच ३३ वे कलम वापरण्याची तयारी दाखवली. विधिमंडळाच्या प्रेक्षक सज्जात घोषणा झाल्या आणि काहींना बेड्या घालून बाहेर काढण्यात आले. पुढे वरच्या न्यायालयाने आधीच्या निकालाला स्थगिती दिली आणि ते कलम वापरावे लागले नाही.

त्याच सप्टेंबरमध्ये सरकारने लैंगिक शिक्षणाचा २०१५ चा अभ्यासक्रम मागे घेतल्याबद्दल शाळकरी मुले वर्ग सोडून बाहेर पडली. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तो अभ्यासक्रम २०१५ मध्ये लागू होत असताना टोरांटोतल्या अनेक स्थलांतरित पालकांनीच मुलांना निषेध म्हणून घरी ठेवले होते. एकाच निर्णयाने एक घर खूश आणि शेजारचे संतापलेले, असा हा मामला होता. डिसेंबरमध्ये फ्रेंच भाषिक ओंटारिओवासी हिरवे-पांढरे झेंडे घेऊन गावोगावी उतरले, कारण फ्रेंच विद्यापीठाची योजना आणि भाषा आयुक्ताचे स्वतंत्र कार्यालय दोन्हींवर सरकारने काट मारली होती. सत्ताधारी पक्षाच्या एक फ्रेंच भाषिक आमदार या प्रश्नावर पक्षाबाहेर पडल्या.

सरकारला खरोखर नमवले ते स्वमग्न मुलांच्या आईवडिलांनी. उपचारांसाठी सुमारे २३,००० मुले प्रतीक्षायादीत होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने या मुलांना वयानुसार ठरावीक रक्कम वाटण्याची योजना आणली: सहा वर्षांखालील मुलाला वर्षाला जास्तीत जास्त २०,००० डॉलर, मोठ्याला ५,०००. ज्या मुलाला सखोल उपचार लागतात त्याचा खर्च वर्षाला ८०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. यादी हलली असती, पण गरज भागली नसती. पालक विधिमंडळासमोर जमले. त्यांच्यात फोर्ड यांना मत दिलेलेही होते, आणि म्हणूनच हा विरोध विरोधी पक्षांचा कांगावा म्हणून झटकता येईना. सरकारने निधी जवळपास दुप्पट करून साठ कोटी डॉलरवर नेला.

जून २०१९ मध्ये टोरांटोच्या बास्केटबॉल संघाच्या विजयसोहळ्यात प्रचंड गर्दीने फोर्ड यांची हुर्यो उडवली. तीनच दिवसांनी मंत्रिमंडळात मोठे फेरबदल झाले आणि स्वमग्न मुलांचे खातेही दुसऱ्याकडे गेले. केंद्राच्या कार्बन कराविरुद्ध पेट्रोलपंपांवर सक्तीने लावायला सरकारने छापलेली स्टिकरे त्या वर्षी धड चिकटेनात, यावर विरोधकांनी तोंडसुख घेतले नसते तरच नवल.

ऑक्टोबर २०१९ च्या केंद्रीय निवडणुकीत या नाराजीचा उपयोग तेव्हाचे लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी करून घेतला. प्रचारात ते फोर्ड यांचे नाव वारंवार घेत. मराठी कुटुंबेही राहतात त्या मिसिसागा शहराचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या सहाही जागा २०१८ मध्ये प्रांतासाठी फोर्ड यांच्या पक्षाला मिळाल्या होत्या. वर्षभराने केंद्रासाठी त्या सहाही लिबरलांकडे गेल्या. २०२२ मध्ये प्रांतासाठी त्या पुन्हा फोर्ड यांच्याकडेच राहिल्या. प्रांत एकाला आणि केंद्र दुसऱ्याला, ही वाटणी तिथला मतदार सहज करतो. महाराष्ट्रातल्या मतदारालाही ती नवी नाही.

मधल्या काळात करोनाची साथ आली, रोजच्या पत्रकार परिषदांतून फोर्ड यांचा सूर मवाळ झाला आणि जुने वाद मागे पडले. २ जून २०२२ रोजी त्यांचा पक्ष ८३ जागा घेऊन परत आला. जागा वाढल्या, मते मात्र सुमारे चार लाखांनी घटली होती. न्यू डेमोक्रॅटिक आणि लिबरल या दोघांनी जवळजवळ सारखी, प्रत्येकी चोवीस टक्क्यांच्या आसपास मते घेऊन एकमेकांचे पाय ओढले. त्याहून मोठा बदल मतदानकेंद्रावर दिसला: २०१८ मध्ये सुमारे ५७ टक्के मतदान झाले होते, ते ४४ टक्क्यांवर आले. मोर्च्यांत दिसलेला राग मतपेटीपर्यंत पोचला नाही; सरकारविषयी नाराज असलेल्यांपैकी बरेच जण विरोधकांकडे वळण्याऐवजी घरीच बसले, असाच या आकड्यांचा अर्थ लागतो. २७ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत फोर्ड यांना ८० जागा मिळाल्या. लागोपाठ तिसऱ्यांदा स्पष्ट बहुमत मिळवणारा प्रीमियर ओंटारिओने त्याआधी १९५९ मध्ये पाहिला होता.