मक्ता कोणाला द्यावा?

सातपुड्याच्या पायथ्याशीं, वरूड तालुक्यांत, शेंदूरजनाघाट हें गांव वसलेलें आहे. संत्र्याच्या बागांमुळें आणि त्याहूनहि संत्र्याच्या कलमांमुळें तें वऱ्हाडांत प्रसिद्ध आहे. झाडावरील बहार व्यापाऱ्यास देतांना येथील बागाइतदार कसा विचार करतो, हें पाहण्यासारखें आहे. जो अधिक भाव सांगेल त्यालाच बाग दिली जाते असें नाहीं. इसार किती मिळणार, तोड वेळेवर होणार कीं नाहीं, गेल्या सालीं या व्यापाऱ्यानें कोणाचे पैसे अडकविले होते काय, हें सर्व मनांत तोलून मगच बागाइतदार होकार देतो. बाग त्याची आणि नफातोटाहि त्याचाच. आपल्या निवडीचें कारण त्यानें कोणास सांगितलें पाहिजे असें नाहीं.

त्याच गांवच्या नगरपरिषदेला रस्ता किंवा पाण्याची टाकी बांधावयाची झाली, म्हणजे मात्र हा न्याय चालत नाहीं. तेथें पैसा लोकांचा असतो आणि निवडणारा केवळ विश्वस्त असतो. म्हणून टेंडराची जाहीर नोटीस, ठरलेली मुदत, बयाणा रक्कम आणि दोन लिफाफे हा सारा खटाटोप करावा लागतो. पहिल्या लिफाफ्यांत मक्तेदाराच्या पात्रतेचे कागद असतात आणि दुसऱ्यांत त्याचा दर. पात्रता मान्य झाल्यावांचून दर पाहावयाचा नाहीं. हल्लीं हे लिफाफे कागदाचे राहिले नसून संगणकावर भरले जातात. परंतु तत्त्व तेंच आहे. दर हा आंकडा असल्यामुळें त्याबद्दल भांडण क्वचित् होतें. पात्रता शब्दांत लिहिलेली असते, आणि शब्द आला कीं अर्थाचा वाद आला. त्यामुळें बहुतेक तंटे पहिल्या लिफाफ्यापाशींच सुरू होतात.

या बाबतींत मुंबईचें एक प्रकरण पायाभूत मानलें जातें. १९७७ च्या जानेवारींत आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानें मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्या वर्गाचें एक उपाहारगृह व फराळाचीं दोन दुकानें चालविण्यासाठीं टेंडरें मागविलीं. टेंडर भरणारा दुसऱ्या वर्गाचा नोंदलेला हॉटेलवाला असावा आणि त्यास निदान ५ वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. सहा टेंडरें आलीं. सर्वांत मोठी रक्कम दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैशांची होती; परंतु ती देऊं करणाऱ्याचा अनुभव कँटीन चालविण्याचा होता, तो नोंदलेला हॉटेलवाला नव्हता. प्राधिकरणानें मक्ता त्यालाच दिला. वरवर पाहतां यांत सरकारी तिजोरीचा फायदाच होता.

सर्वोच्च न्यायालयाची दृष्टि निराळी पडली. १९७९ सालीं न्यायमूर्ति भगवती यांनीं दिलेल्या निकालांत असें ठरलें कीं, सरकारी संस्थेनें स्वतः जाहीर केलेली कसोटी तिच्यावरहि बंधनकारक असते. अट शिथिल करावयाची होती तर ती सर्वांसाठीं आणि आधीं करावयास पाहिजे होती. अट वाचून जे लोक टेंडर न भरतां घरीं बसले, त्यांची संधि हिरावली गेली. टेंडराच्या वादांत सहसा कोणाच्या ध्यानांत न येणारा हा पक्ष होय. तत्त्व असें स्थापित झालें, तरी मक्ता मात्र रद्द झाला नाहीं. अर्जदार उशिरानें आला होता, त्याचा हेतुहि निखळ दिसला नाहीं, आणि दरम्यान मक्तेदारानें सुमारें सव्वा लाख रुपये खर्च करून काम सुरू केलें होतें.

दुसरें प्रकरण आपल्या विदर्भांतील, नागपूरच्या मेट्रो रेल्वेचें आहे. उन्नत मार्गाच्या बांधकामासाठीं टेंडरें मागवितांना मेट्रोच्या स्थापत्यकामाचा अनुभव असावा, अशी अट घालण्यांत आली होती. टाटा प्रोजेक्ट्स व एक चिनी कंपनी यांनीं मिळून टेंडर भरलें. चिनी कंपनीनें चीनमध्यें शहरांशहरांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेचें काम केलें होतें. नागपूर मेट्रोच्या मतें ती रेल्वे म्हणजे मेट्रो नव्हे. म्हणून हें टेंडर अपात्र ठरलें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें तें पात्र ठरविलें. परंतु १५ सप्टेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खंडपीठाचा निर्णय फिरविला. न्यायमूर्ति लोकूर यांच्या निकालाचा आशय असा कीं, ज्यानें टेंडर लिहिलें त्यालाच आपली गरज उत्तम कळते. त्यानें लाविलेला अर्थ न्यायालयाला पटला नाहीं, एवढ्याच कारणानें न्यायालयानें हात घालूं नये. तो अर्थ दुष्ट बुद्धीचा किंवा विपरीत असेल, तरच हस्तक्षेप करावा.

या दोन निकालांत विरोध आहे काय? मुंबईंत अट स्पष्ट होती व ती मोडली गेली. नागपुरांत अटीच्या शब्दाला दोन अर्थ संभवत होते, आणि संस्थेनें त्यांतला एक घेतला. न्यायालय निवडीचा निष्कर्ष तपासीत नाहीं, निवडीची रीत तपासतें, हें तत्त्व १९९४ सालींच मोबाइल टेलिफोनच्या परवान्यांसंबंधीं टाटा सेल्युलरच्या खटल्यांत सांगितलें गेलें होतें.

तथापि एक शंका उरतेच. अटीचा अर्थ लावण्याची सत्ता अट लिहिणाराच्याच हातीं राहिली, तर आवडत्या मक्तेदारासाठीं तो अर्थ कधीं सैल व कधीं ताठ करतां येईल. ही भीति काल्पनिक नाहीं. झारखंडांतील एका कोळसा खाणीच्या टेंडरांत भारत कोकिंग कोल या सरकारी कंपनीनें एकास मुखत्यारपत्राच्या बारीक उणिवेवरून बाद केलें आणि दुसऱ्याचे आवश्यक कागद वेळेवर नसतांहि त्यास पात्र धरलें. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो मक्ता रद्द करून पुन्हां टेंडर काढण्यास सांगितलें. माप एकासाठीं एक व दुसऱ्यासाठीं दुसरें, हें न्यायालय खपवून घेत नाहीं.

उलट बाजूहि तितकीच खरी आहे. प्रत्येक नापसंत मक्तेदार मनाई हुकूम घेऊन आला, तर टाकी अर्धवट राहते, दर वाढतात, आणि उन्हाळ्यांत बायाबापड्यांना पाण्यासाठीं वणवण करावी लागते. म्हणूनच २०१८ सालीं विशिष्ट अनुतोष कायद्यांत दुरुस्ती होऊन, रस्ते, पाणी, वीज अशा पायाभूत कामांना खीळ बसेल असा मनाई हुकूम देण्यास न्यायालयांना प्रतिबंध करण्यांत आला. काम थांबूं नये हें ठीक. पण अन्याय झालेल्याला भरपाई मिळविण्यांत वर्षें गेलीं, तर प्रामाणिक मक्तेदार पुढच्या खेपेस टेंडर भरणारच नाहीं.

खरा उपाय न्यायालयाच्या पायरीअलीकडेच आहे. अट नेमक्या शब्दांत लिहावी. संदिग्ध शब्दाचा अर्थ टेंडरें उघडण्यापूर्वींच सर्वांना लेखी कळवावा. अपात्र ठरविलेल्यास कारण तत्काळ द्यावें व दराचा लिफाफा उघडण्याआधीं त्याची तक्रार ऐकून घ्यावी. मक्तेदारानेंहि शंका टेंडरपूर्व बैठकींतच काढावी; हरल्यावर अटींत दोष शोधूं नये. आणि सुशिक्षित नागरिकानें गांवचा रस्ता उखडल्यावर चर्चा करण्याऐवजीं, त्या रस्त्याच्या टेंडराची नोटीस निघते तेव्हांच ती लक्षपूर्वक वाचावी.