सावरणाऱ्या माणसाच्या हाती कोणतं पुस्तक द्यावं?



अपघात, पूर, दरड, घरातली मारहाण, तरुण माणसाचा मृत्यू. असं काही घडलं की आठ-पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. मग पाहुणे आपापल्या गावी परततात आणि ज्याच्यावर ते गुदरलं तो मागे उरतो. झोप लागत नाही, भांडं पडलं तरी छातीत धस्स होतं, त्या रस्त्यावरून जायला पाय धजत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने झोपलेल्या माणसांवर त्यांचीच घरं कोसळली. त्यानंतर कितीतरी जणांना छपराखाली झोपायचीच भीती बसली. डॉक्टर याला ट्रॉमा म्हणतात. घरातली माणसं म्हणतात, "अजून सावरली नाही हो ती."

अशा घरातलं कुणीतरी ग्रंथालयात येतं आणि म्हणतं, "मन रमेल असं काहीतरी द्या." मी ग्रंथपाल आहे आणि ही मागणी मला सगळ्यात अवघड वाटते. कारण इथे चुकीचं पुस्तक नुसतं कंटाळवाणं ठरत नाही, ते दुखावतं.

या कामातलं एक नाव मराठीत फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम सांगते. अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावी, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी एक रुग्णालय होतं. सेडी पीटरसन डिलेनी 1924 च्या जानेवारीत तिथे ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या. पुस्तकं होती जेमतेम दोनशे. रुग्णांपैकी कुणी शरीराने जायबंदी, कुणी मनाने. बाई टेबलाशी बसून राहिल्या नाहीत. पुस्तकं घेऊन त्या रुग्णांच्या खाटांपर्यंत गेल्या. हा माणूस कुठला, याला काय आवडतं, याला कशाने त्रास होतो, हे समजून घेऊन आणि डॉक्टरांशी बोलून त्या प्रत्येकासाठी वेगळं पुस्तक काढत. दृष्टी गेलेल्यांना शिकवता यावं म्हणून त्या स्वतः ब्रेल शिकल्या. 1958 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे काम केलं. आधी माणूस पाहायचा आणि मग कपाट उघडायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

माणूस पाहायचा म्हणजे तो आज कुठवर आला आहे हे पाहायचं. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1992 च्या आपल्या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे मांडले आहेत. आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवणं आणि त्याचा शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. पहिल्या टप्प्यातल्या माणसाचं लक्ष दोन पानांपलीकडे टिकत नाही. त्याला जाडजूड ग्रंथ देऊ नका. छोटे लेख, मोठा टाइप, झोप आणि श्वास यांबद्दलची साधी माहिती एवढं पुरे. वाचवत नसेल तर ऐकू द्या. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थची मनाच्या आरोग्यावरची मराठी भाषणं यूट्यूबवर फुकट ऐकता येतात. पुरात घर गेलेल्याला मात्र पुराचीच कादंबरी देऊ नका. आणि "काय झालं ते सगळं सांग, म्हणजे मोकळं वाटेल" असा आग्रहही धरू नका. त्याला बोलावंसं वाटेल तेव्हा ऐकायला तयार राहा.

काही महिन्यांनी तोच माणूस विचारतो, "असं आणखी कुणाचं झालंय का?" तेव्हा आत्मकथनं कामाला येतात. नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल यांचं 1946 सालचं छोटं पुस्तक मराठीतही मिळतं. ते मोलाचं आहे, पण त्यात मृत्यू फार जवळून दिसतो, म्हणून पहिल्या आठवड्यांत नको. आणि आपली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'! 1895 मध्ये नवऱ्याने धर्म बदलला आणि बाईंचा संसार एका दिवसात मोडला. पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. एवढं सोसलेली बाई पुढे ते सगळं इतक्या मोकळेपणाने, हसत सांगते, हे वाचताना वाचणाऱ्याचीही मान थोडी वर होते. हे पुस्तक कुणी उपचार म्हणून लिहिलेलं नाही. तरी या कामासाठी त्याच्याइतकं चांगलं मराठी पुस्तक मला माहीत नाही.

आघाताचा शरीरावर काय परिणाम होतो यावर बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं 2014 चं इंग्रजी पुस्तक गाजलं आहे. त्यात रुग्णांच्या अनुभवांची वर्णनं अंगावर येणारी आहेत. मी ते नातेवाइकांना आणि समुपदेशकांना सुचवते, ताजी जखम असलेल्याला नाही.

आणि काही पुस्तकं कुणालाच देऊ नयेत. एकवीस दिवसांत भूतकाळ पुसून टाकण्याचं वचन देणारी. औषधं बंद करा म्हणणारी. आणि तुमच्यावर जे आलं ते तुमच्याच विचारांनी ओढवून घेतलं असं सुचवणारी. मार खाल्लेल्या बाईला हे वाचायला देणं क्रूरपणा आहे, मग मुखपृष्ठ कितीही प्रसन्न असो.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. महिना उलटून गेला तरी तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, झोप उडालेली आहे, कामात लक्ष नाही, असं असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. जीव नकोसा वाटत असेल तर महिन्याचीही वाट पाहू नका. यावर चांगले उपचार आहेत आणि माणसं बरी होतात.

महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि खेड्यापाड्यांत हजारो ग्रंथालयं आहेत. तिथल्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: आपल्याकडे एक कप्पा या पुस्तकांसाठी ठेवा. कुणाला विचारायला संकोच वाटू नये अशा जागी ठेवा आणि त्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक ठळक लिहा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. क्रमांक आहे 14416. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा.